कोव्ह : डोंगरउतारावरचं बंदर आणि तिथून निघालेली माणसं

आयर्लंडमधल्या कोव्हला येणारे बहुतेक प्रवासी टायटॅनिकसाठी येतात. क्रूझमधून उतरायचं, टायटॅनिकचं प्रदर्शन बघायचं, रंगीत घरांचा फोटो काढायचा आणि परत बोटीत, असा तीन-चार तासांचा कार्यक्रम असतो. टायटॅनिक इथे थांबली जेमतेम दोन तास, आणि तीही बंदराच्या तोंडाशी. गावाच्या धक्क्याला ती लागलीच नाही. कॉर्कच्या खाडीत एका बेटाच्या उतारावर वसलेल्या या गावाचा इतिहास तिच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. नेपोलियनच्या काळातल्या लढाया, बटाट्याचा दुष्काळ, काळ्या पाण्याची शिक्षा आणि अमेरिकेची वाट यांनी हा डोंगर घडवला. तो नीट बघायचा तर दोन मुक्काम हवेतच.

पहिला दिवस : स्टेशन, धक्का आणि दुष्काळ

कॉर्कच्या केंट स्टेशनवरून कोव्हची लोकल सुटते. प्रवास पंचवीस मिनिटांचा. डब्यात उजव्या हाताची खिडकी पकडावी. फोटा बेट ओलांडलं की गाडी ग्रेट आयलंडवर येते आणि शेवटच्या टप्प्यात रुळांना अगदी लागून पाणी असतं. कोव्ह ज्यावर वसलंय ते हेच बेट. रस्त्याने यायला बेलवेलीचा एकच पूल आहे आणि सकाळ-संध्याकाळ तिथे वाहनं तुंबतात, म्हणून गाडी भाड्याने घेतली असली तरी कोव्हसाठी रेल्वेच बरी. लीप कार्ड (आयर्लंडमधलं प्रवासाचं प्रीपेड कार्ड) चालतं.

स्टेशनातून बाहेर पडायची घाई करू नये, कारण गावाचा अर्धा इतिहास इथेच आहे. १८६२ मध्ये रेल्वे इथवर आली आणि कोव्हचं नशीब पालटलं. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेली आगबोट थेट अटलांटिकमध्ये शिरायची. १८५९ पासून मोठ्या कंपन्यांच्या बोटी इथे थांबू लागल्या, आणि त्यामागे टपालाचं गणित होतं. लंडनची अमेरिकेला जाणारी पत्रं रेल्वेने आणि आयरिश समुद्र ओलांडून डब्लिनला, तिथून रेल्वेने इथे आणता येत. बोट लिव्हरपूलहून आयर्लंडला वळसा घालेपर्यंत टपाल तिच्या पुढे येऊन थांबलेलं असे. उलट दिशेनेही तसंच, अमेरिकेची पत्रं इथे उतरवली की लंडनला लवकर पोचत. बोट टपालासाठी थांबतेच आहे म्हटल्यावर माणसंही तिथूनच चढू लागली.

जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता वारसा केंद्र आहे. आत कैद्यांच्या बोटीपासून शेवटच्या आगबोटींपर्यंतचा पट मांडलाय. दीड तास हाताशी ठेवावा आणि दुष्काळाच्या दालनात घाई करू नये. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. खेड्यातल्या गरिबाच्या पोटात बटाट्याशिवाय दुसरं फारसं काही जातच नव्हतं. जमीनदारांचा खंड इतका होता आणि जमिनीचे तुकडे इतके झाले होते की तेवढ्याशा वाफ्यात घर पोसेल असं दुसरं पीक नव्हतं. रोपाची पानं काळी पडायची आणि जमिनीतला कंद चार दिवसांत सडून त्याचा चिखल व्हायचा. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरं भरून बोटी इंग्लंडला जातच होत्या. हे दालन बघून संताप आला नाही तर नवल.

१८४८ ते १९५० या काळात साठ लाखांच्या आसपास लोक आयर्लंड सोडून गेले. त्यांतले पंचवीस लाख या एका गावातून गेले. आज गावाची वस्ती १४ हजारांच्या घरात आहे.

जाण्याची रीत ठरलेली होती. निघायच्या आदल्या रात्री घरी जागर व्हायचा, मयताच्या घरी बसतात तसा, कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. कोव्हला उतरल्यावर धक्क्यालगतच्या खानावळी-वजा लॉजमध्ये मुक्काम. दलाल स्टेशनापासूनच मागे लागत, आणि एकाच खोलीत किती जणांना झोपवलं जाई त्याला धरबंध नसे. मग वैद्यकीय तपासणी. खरूज, डोळे आलेले, ताप, काहीही निघालं की माणूस मागे राहायचा आणि कुटुंब पुढे जायचं. शेवटी छोट्या वाहतूक बोटीत बसून खाडीत नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत. शिडाच्या जहाजाला अमेरिका गाठायला पाच-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागत. आगबोटी आल्यावर ते दहा दिवसांवर आलं.

केंद्राच्या बाहेर धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. २० डिसेंबर १८९१ ला ही मुलं नेव्हाडा बोटीने निघाली. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं नवं केंद्र उघडलं आणि तिथे पहिलं नाव नोंदवलं गेलं ते ॲनीचं. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. तेव्हाच्या बातम्यांत तिचं वय पंधरा छापलं गेलं, ती होती सतरा वर्षांची. पुढे कित्येक दशकं टेक्सासमधल्या भलत्याच ॲनी मूरला लोक हीच समजत राहिले. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, तिथेच संसार केला आणि १९२४ मध्ये वारली, हे २००६ मध्ये कागदपत्रांवरून सिद्ध झालं. पुतळ्यात भाऊ पुढे बघतायत, ती वळून गावाकडे बघतेय. शिल्पकार जीन रिनहार्ट यांनी केलेला हा पुतळा जरूर मागून-पुढून फिरून बघा.

स्टेशनपासून गावाच्या चौकापर्यंत पाण्याकाठचा सपाट रस्ता आहे, दहा मिनिटांचा. वाटेत सिरियस आर्ट्स सेंटर लागतं. ही १८५४ ची इमारत रॉयल कॉर्क यॉट क्लबची. १७२० चा हा क्लब जगातला सगळ्यात जुना मानतात. आता तो खाडीपलीकडे क्रॉसहेवनला आहे. इमारतीला नाव दिलंय ते सिरियस या आगबोटीचं. अटलांटिक पूर्ण वाफेवर सगळ्यात आधी ओलांडण्याचा मान बहुधा तिलाच देतात. ४ एप्रिल १८३८ ला ती या खाडीतून निघाली, कप्तान होते शेजारच्याच पॅसेज वेस्ट गावचे रिचर्ड रॉबर्ट्स.

संध्याकाळी पाऊस आला. इथला पाऊस आडवा असतो, छत्री उलटते. टोपीचं जाकीट हाच उपाय. जेवायला माशांचं चाउडर घ्यावं : धुरावलेला हॅडॉक, शिंपल्या, बटाटा आणि साय. काही ठिकाणी त्यात बेकन घालतात, तेव्हा आधी विचारावं. सोबत जाडसर गव्हाच्या पिठाचा सोडा ब्रेड येतो. यीस्ट नाही, ताक आणि खाण्याचा सोडा एवढ्यावर तो फुगतो. आयर्लंडच्या दमट हवेतल्या मऊ गव्हात चिकटपणा कमी, यीस्टने तो नीट उचलला जात नाही, म्हणून ही युक्ती रुळली. शाकाहारी माणसाला भाज्यांचं सूप, हा ब्रेड आणि खारं लोणी यांवर उत्तम पोट भरता येतं. दुकानं आणि स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, साडेआठच्या आत जेवायला बसलेलं बरं.

दुसरा दिवस : स्पाइक बेट, मग टायटॅनिक

केनेडी पिअरवरून स्पाइक बेटाची बोट सुटते, पंधरा मिनिटांत पलीकडे. जाऊन-येऊन साडेतीन तास धरावे. तिकीट आधी काढावं आणि सकाळची फेरी घ्यावी, कारण वारा वाढतो तो बहुधा दुपारी, आणि खाडी खवळली की फेरी रद्द होते.

१०४ एकरांचं हे बेट. सातव्या शतकात इथे मठ होता असं सांगतात. आज दिसतो तो तारेच्या आकाराचा, सहा बुरुजांचा किल्ला. फ्रेंचांच्या धास्तीने ब्रिटिशांनी बांधलेला. तटबंदी दुरून दिसतच नाही. बाहेरची माती उताराने चढवत थेट तटाच्या कडेपर्यंत आणलीय, त्यामुळे तोफेचा गोळा भिंतीवर न बसता उतारावरून घसरून जावा. वर चढून गेलं की अचानक पायाखाली कोरडा खंदक उघडतो आणि मग किल्ल्याची खोली कळते.

दुष्काळात भुकेल्यांनी केलेल्या चोऱ्यांनी तुरुंग भरले, तेव्हा १८४७ मध्ये या किल्ल्याचा तुरुंग केला. मेंढी चोरली, धान्याचं पोतं पळवलं, शिक्षा सात वर्षं. त्यांचं काळं पाणी म्हणजे ऑस्ट्रेलिया. आयर्लंडमधून कैद्यांची पहिली बोट १७९१ मध्ये याच खाडीतून निघाली होती. स्पाइकवर एका वेळी दोन हजार तीनशेच्या वर कैदी होते, तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातला तो सगळ्यात मोठा तुरुंग. १८८३ मध्ये तो बंद होईपर्यंत हजाराच्या वर कैदी इथेच मेले. त्यांची दफनभूमी बेटावर आहे. बंडखोर संपादक जॉन मिचेल १८४८ मध्ये बर्म्युडाला जाण्याआधी इथे काही दिवस होते, म्हणून किल्ल्याला आता त्यांचं नाव आहे.

शिक्षेचा स्वतंत्र विभाग आवर्जून बघावा. इथल्या कैद्यांना डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, डोळ्यांपुरती भोकं आणि साखळ्या. वाटाडे अतिशय तयारीचे असतात. सोबतचे लोक पुढे गेले की त्यांना गाठून प्रश्न विचारावेत. आमच्या वाटाड्याने दगड कुठून आले, हॉलबोलिन बेटावरच्या गोदीचं काम याच कैद्यांकडून कसं करून घेतलं, हे बोट दाखवून दाखवून सांगितलं. कॉर्ककडची माणसं बोलतात ती गाण्यासारखी, वाक्य वर चढवत. पहिला अर्धा तास कान बसत नाही, मग गोडी लागते.

आयर्लंड १९२२ मध्ये वेगळा झाला तरी ही खाडी ब्रिटिश आरमाराने करारानुसार स्वतःकडे ठेवली होती. ११ जुलै १९३८ ला, आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या उपस्थितीत, स्पाइकवरचा ब्रिटिश झेंडा उतरला. चौदाच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. हे बंदर ब्रिटिशांकडेच असतं तर आयर्लंडला तटस्थ राहता आलं नसतं. पुढे १९८५ ते २००४ इथे पुन्हा तुरुंग होता. १९८५ च्या दंगलीत जळालेली इमारत तशीच उभी आहे.

दुपारी परत आलं की केसमेंट चौक समोरच. व्हाइट स्टार लाइनचं तिकीट कार्यालय होतं त्याच इमारतीत टायटॅनिकचं प्रदर्शन आहे. तिकिटाबरोबर एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचा बोर्डिंग पास मिळतो, ती व्यक्ती वाचली की नाही ते शेवटच्या दालनात कळतं. एक तास पुरतो. मागच्या बाजूला त्या वेळच्या लाकडी धक्क्याचे कुजलेले खांब पाण्यात उभे आहेत. हे खांब मात्र चुकवू नयेत, कारण प्रवासी खरोखर जिथून निघाले ती जागा ही.

११ एप्रिल १९१२ ला सकाळी साडेअकराच्या सुमारास टायटॅनिक रोचेस पॉइंटच्या दीपगृहाजवळ नांगरली. 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' या दोन छोट्या आगबोटींनी १२३ प्रवासी आणि टपाल पोचवलं. १२३ पैकी ११३ तिसऱ्या वर्गाचे. वाचले ४४. सात जण इथे उतरले, त्यांत फ्रान्सिस ब्राउन हे धर्मशिक्षण घेणारे तरुण होते. बोटीवरच्या आयुष्याची जी छायाचित्रं आज जगभर छापली जातात त्यांतली बरीचशी त्यांनी काढलेली. त्यांना हे तिकीट भेट दिलं होतं ते त्यांच्या काकांनी, कोव्हच्या डोंगरावरचं कॅथीड्रल पूर्ण करून घेणारे बिशप रॉबर्ट ब्राउन हेच ते काका. पुढे न्यूयॉर्कपर्यंतचं तिकीट काढून द्यायला एक अमेरिकन जोडपं तयार होतं, पण वरिष्ठांची तार आली, उतरून ये. जॉन कॉफी नावाचा कोळसेवालाही इथून पळाला. तो याच गावचा.

चौकाच्या मधोमध लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी बोटीचं स्मारक आहे. देवदूत आणि त्याच्या पायाशी खचलेले दोन कोळी. शिल्पकार जेरोम कॉनर १९४३ मध्ये वारले आणि काम त्यांच्या पश्चात पुरं झालं. टायटॅनिकपेक्षा लुसिटानियाची जखम या गावाला खोल आहे, कारण ती गावाने स्वतःच्या हातांनी उचलली. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडी यू-२० ने किन्सेलच्या भूशिरापाशी टॉर्पेडो मारला. अठरा मिनिटांत बोट तळाला गेली. सुमारे बाराशे माणसं मेली. मासेमारीच्या होड्या, टग, जे तरंगेल ते घेऊन लोक धावले. वाचलेले साडेसातशेच्या वर लोक आणि मग रात्रभर मृतदेह, बहुतेक सगळं या धक्क्यावर आलं.

तिसरा दिवस : डोंगर

गाव कसं वर चढत गेलं ते पायीच कळतं. अठराव्या शतकात इथे कोळ्यांची लहानशी वाडी होती. १७९३ ते १८१५ फ्रान्सशी लढाई चालली आणि व्यापारी जहाजांना आरमाराच्या पहाऱ्यात पाठवायचं म्हणून ती शेकड्यांनी या खोल, आडोशाच्या खाडीत गोळा होऊ लागली. अधिकारी, दलाल, पुरवठादार आले. किनाऱ्यावर सपाट जागाच नाही, तेव्हा उतार कापायचा, धारेची दगडी भिंत घालायची, तिच्या माथ्यावर घरांची रांग, मग आणखी वर तसंच. लढाई संपल्यावर सौम्य हवेसाठी क्षयरोगी येऊ लागले. कवी चार्ल्स वुल्फ असेच येऊन १८२३ मध्ये इथे वारले. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी उतरली म्हणून गावाचं क्वीन्सटाउन केलं. १९२० मध्ये स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना नगरपालिकेने ते पुसून कोव्ह हे नाव परत आणलं.

वेस्ट व्ह्यूची तेवीस घरं ही याच उतारावरची. एकाच्या खांद्यावर एक अशी चढत गेलेली, प्रत्येकाचा रंग वेगळा. गावकरी त्यांना पत्त्यांचा जोड म्हणतात : खालचं घर पडलं तर सगळी कोसळतील. फोटोसाठी खालची बाग दुपारनंतर गाठावी, सकाळी ऊन समोरून येतं. वरच्या स्पाय हिलवरून मागे कॅथीड्रलसकट दृश्य दिसतं, पण त्यासाठी लोक तिथल्या भिंतीवर चढतात आणि भिंतीपलीकडे सरळ खोल आहे. चढू नये. घरांत माणसं राहतात, दारापाशी उभं राहून काचांतून डोकावू नये.

सेंट कोलमन कॅथीड्रलचं काम १८६८ मध्ये सुरू झालं. एडवर्ड वेल्बी प्यूजिन आणि जॉर्ज ॲशलिन यांचा आराखडा. शिखर पुरं झालं १९१५ मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. बोटीवरून दिसणारं आयर्लंडचं शेवटचं दर्शन म्हणजे हे शिखर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. टायटॅनिक गेली तेव्हा ते अपुरं होतं, आणि दुष्काळात गेलेल्यांच्या वेळी तर पायाही खणला नव्हता. आत गेल्यावर खांबांच्या कमानींमधल्या त्रिकोणी जागा बघाव्यात. तिथे आयर्लंडच्या धर्मेतिहासाचे प्रसंग कोरलेत, सेंट पॅट्रिकपासून पुढे. दुर्बीण असेल तर न्यावी. मनोऱ्यात ४९ घंटा आहेत. मुठी आपटून वाजवायच्या कळफलकाला तारांनी जोडलेल्या, आणि त्यांवर चक्क सुरावटी वाजतात. उन्हाळ्यात रविवारी दुपारी वादन असतं. ते आत बसून ऐकू नये. बाहेरच्या कठड्यापाशी, खाडीकडे तोंड करून उभं राहावं.

इथून जुन्या चर्चची दफनभूमी अडीच किलोमीटर, गावामागे. चढ आहे. टॅक्सी मिळते, पण चालत जावं, कारण १० मे १९१५ ची लुसिटानियाच्या मृतांची अंत्ययात्राही गावातून चालतच आली. सैनिकांनी तीन मोठे खड्डे खणले होते. दीडशेहून जास्त माणसं इथे पुरलीत, कित्येकांची ओळखही पटली नाही. चार्ल्स वुल्फही इथेच आहेत. गवत ओलं असतं, बुटांशिवाय जाऊ नये.

निघताना

पश्चिमेकडे जायचं असेल तर कॉर्क शहरातून परत फिरायची गरज नाही. कॅरिगालोहून ग्लेनब्रुकला गाड्या नेणारी फेरी पाच मिनिटांत पलीकडे टाकते, आरक्षण लागत नाही.

भारतीय प्रवाशाने पाण्यापलीकडच्या हॉलबोलिनकडे एकदा बघावं. तिथे आयरिश नौदलाचा तळ आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून दूर समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली. आयरिश नौदलाची 'एशलिंग' ही बोट शोधकार्यात पुढे होती. १३१ मृतदेह हाती लागले, ते कॉर्कच्या रुग्णालयात आणले. अहाकिस्टा या खेड्यात समुद्राकाठी सूर्यघड्याळाचं स्मारक आहे, कोव्हहून मोटारीने सुमारे दोन तास. शेवटचे रस्ते एका गाडीपुरते अरुंद आहेत, दिवसाउजेडी पोचावं.

शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. भारतीयांना ब्रिटनचा व्हिसा घेताना त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद मिळाली असेल तर त्यावरच आयर्लंडला येता येतं, मात्र आधी ब्रिटनमध्ये उतरावं लागतं. मे ते सप्टेंबर हा हंगाम. निघण्याआधी क्रूझ बोटींचं वेळापत्रक बघून ठेवावं. मोठी बोट स्टेशनच्या शेजारीच लागते, आणि त्या दिवशी वारसा केंद्र आणि टायटॅनिक दोन्हीकडे दुपारी तीनपर्यंत रांग असते. तो दिवस दफनभूमीसाठी आणि डोंगरासाठी ठेवावा.